परतीची वाट

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या उत्तर टोकाला एल्कहार्ट नावाचं गाव आहे. मोटारीमागे जोडून ओढत न्यायची घरं, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, बांधण्याचा धंदा या गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत असा काही रुजला आहे की त्या देशातले बहुतेक ट्रेलर इथल्याच कुठल्या ना कुठल्या शेडमधून बाहेर पडतात. खाली पोलादी सांगाडा, त्यावर लाकडाच्या पट्ट्या आणि फोम, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास. आत पलंग, ओटा, फ्रीज, गिझर, एसी आणि जेमतेम वळता येईल एवढी न्हाणी. हा सगळा संसार रबरी टायरांवर उभा असतो. या घराला पाया नाही, आणि पक्क्या घरांच्या अंगणात जो अर्थिंगचा खड्डा असतो तोही नाही.

मुक्कामाला पोचल्यावर मालक चाकांना ठोकळे लावतो, घर पातळीत आणतो आणि मग अंगठ्याएवढी जाड केबल उलगडतो. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेशेजारी विजेचा एक बुटका खांब असतो. त्यातल्या सॉकेटात केबल बसली की घरात १२० व्होल्ट येतात. मोठ्या ट्रेलरांची केबल ५० ॲम्पिअरची आणि चार पिनांची. लहान-मध्यम ट्रेलरांची ३० ॲम्पिअरची आणि तीन पिनांची. फेज, न्यूट्रल, अर्थ. पहिल्या दोघींना चोवीस तास राबावं लागतं. तिसरी, हिरवी किंवा उघड्या तांब्याची, सगळं ठीक असेल तोवर जवळजवळ रिकामी बसून असते. त्यामुळेच ती तुटली तर कुणाला पत्ता लागत नाही. एसी गार हवा देत राहतो, मायक्रोवेव्ह फिरत राहतो, दिवे लागतात, मोबाइल चार्ज होतात. फेज तुटली तर घर अंधारात जातं; अर्थ तुटली तर काहीच होत नाही.

काही होतं ते पुढे कधीतरी, दव पडलेल्या सकाळी. कुणीतरी अनवाणी गवतावर उभं राहून दाराच्या कडीला हात लावतं आणि बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात.

ट्रेलरवाल्यांच्या बोलीत याला ‘हॉट स्किन’ म्हणतात. मराठी घरात ‘वॉशिंग मशीनला करंट येतोय’ म्हणतात, आणि त्यावरचा पिढीजात उपाय म्हणजे रबरी चपला घालून कपडे धुणं. या उपायाला हसू नये, त्यामागचं शास्त्र बरोबर आहे. चुकतं ते इतकंच की बिघाड तसाच राहतो आणि चपला न घातलेलं पोर एक दिवस मशीनला टेकतं. ट्रेलरमध्ये तर गंमत अशी की आत बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. जमीन, भिंत, सिंक, पलंगाची कड, सगळं एकाच व्होल्टेजवर तरंगत असतं; दोन ठिकाणी फरक नाही म्हणून झटका नाही. फरक आहे तो फक्त उंबरठ्यावर. एक पाय ओल्या मातीवर, दुसरा लोखंडी पायरीवर किंवा हात कडीवर, असा तो एक क्षण. फायबरग्लासचा ट्रेलर घेतलेले लोक स्वतःला सुरक्षित समजतात. पण पायरी, दाराची चौकट, समोरचा जॅक आणि ओढण्याचा दांडा लोखंडीच असतात.

हा करंट येतो कुठून? एक उगम निरुपद्रवी वाटावा असा. टीव्ही, मायक्रोवेव्ह, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर यांच्यात विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडासा करंट अर्थच्या तारेत सोडतात. तो त्यांचा स्वभावच आहे. अर्थ शाबूत असेल तर हा करंट गुपचूप परत जातो. अर्थ तुटली तर त्याला परतीची वाट उरत नाही आणि सांगाड्याला मीटर लावल्यास साठाच्या आसपास व्होल्ट दिसतात, म्हणजे १२० च्या निम्मे. त्यामागे ताकद नसते. झिणझिण्या येतात, माणूस मरत नाही. दुसरा उगम मात्र जीवघेणा. कुठेतरी वायरीचं आवरण सोललेलं असतं, भिंतीत पॅनल बसवताना एखादा स्क्रू केबलमध्ये घुसलेला असतो, गिझरच्या एलिमेंटला भेग पडलेली असते. फेज थेट सांगाड्याला टेकते आणि संपूर्ण घर १२० व्होल्टवर जातं, तेही ३० ॲम्पिअर द्यायच्या तयारीने. आज झिणझिण्या देणारा ट्रेलर या दोघांपैकी कुठल्या जातीचा आहे हे हाताला ओळखता येत नाही. आणि पहिल्या जातीचा असला तरी त्याने एक गोष्ट सांगितलेलीच असते: अर्थ गेली आहे, आता दुसऱ्याची वाट पाहायची.

हाताला काय कळतं आणि काय नाही याचा हिशेब कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकाने मांडला. स्वयंसेवकांच्या हातात तांब्याची तार देऊन, करंट वाढवत नेत, मूठ कधी उघडेनाशी होते हे त्याने मोजलं. सरासरीने पुरुषांची मूठ १६ मिलिॲम्पिअरला अडकली, स्त्रियांची साडेदहाला. जवळजवळ सर्वांना हात सोडवता येईल अशी सुरक्षित मर्यादा काढली तेव्हा पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिॲम्पिअर आली. एक ॲम्पिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिॲम्पिअर. ओल्या कातडीच्या माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरला तर १२० व्होल्टला त्याच्यातून १२० मिलिॲम्पिअर वाहतात. ३० ॲम्पिअरच्या ब्रेकरच्या दृष्टीने ही रक्कम खिजगणतीतही नाही. माणूस दाराला चिकटलेला असतो आणि ब्रेकर निवांत. याच कोंडीवर डॅल्झीलने १९६१ मध्ये उतारा शोधला: फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत तोलून पाहणारं आणि चार ते सहा मिलिॲम्पिअरची तूट दिसताच वीज तोडणारं यंत्र. अमेरिकेत त्याला जीएफसीआय म्हणतात. आपल्याकडच्या घरांतल्या आरसीसीबीचं तत्त्व तेच, पण ते बहुधा ३० मिलिॲम्पिअरवर बेतलेलं असतं. म्हणजे ते हृदय वाचवायला आहे, मूठ सोडवायला नव्हे.

झिणझिण्या आल्या की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो जमिनीत सळई ठोकण्याचा. मराठी माणसाच्या मनात तर हमखास, कारण त्याने लहानपणापासून तेच पाहिलं आहे. घर बांधताना खड्डा खणतात, तांब्याची पट्टी किंवा जीआय पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि उन्हाळ्यात माती सुकली की त्यात बादलीभर पाणी ओततात. त्यातून अशी समजूत रुजते की बिघडलेली वीज जमिनीत ‘मुरते’. धरणीमाय सगळं पोटात घेते, तशी वीजही घेते.

वीज मुरत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून ती निघाली त्याच्याकडे परत जाण्यापलीकडे तिला काही नको असतं. माती, पाणी, माणूस हे तिच्या लेखी परतीचे रस्ते, काही चांगले, काही वाईट. आठ फुटांची सळई ठोकून किती चांगला रस्ता मिळतो? अमेरिकन विद्युत संहितेत अशा एकट्या सळईसाठी २५ ओहमची मर्यादा येते, आणि कोरड्या वाळूत प्रत्यक्ष आकडा त्याच्या कितीतरी वर जातो. तरी २५ धरू. फेज सांगाड्याला टेकली तर १२० ला २५ ने भागून ४.८ ॲम्पिअर वाहतील. ३० चा ब्रेकर तर सोडाच, १५ चाही हलणार नाही. सळई शोभेला उभी राहील आणि ट्रेलर ‘जिवंत’ राहील. याउलट केबलमधली अर्थची तार धड असेल आणि तिचा सगळा रोध अर्धा ओहम भरला, तर २४० ॲम्पिअर उसळतात आणि ब्रेकर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. जीव वाचतो तो तारेमुळे, मातीमुळे नव्हे. ट्रेलरचे लोखंडी जॅक जमिनीवर टेकलेले आहेत म्हणून ‘आपोआप अर्थिंग झालंय’ असं सांगणारेही भेटतात. त्या जॅकखाली बहुतेक वेळा लाकडाचे नाहीतर प्लास्टिकचे ठोकळे असतात.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या कोकणात नारळीच्या बागेत, श्रावणात, असा एखादा खांब आणि त्याला जोडलेलं चाकांवरचं घर उभं राहिलं तर तिथे १२० नव्हे, २३० व्होल्ट असतील आणि पायाखाली गवत नव्हे, चिखल असेल. खड्ड्यात मीठ-कोळसा किती भरला यापेक्षा आरसीसीबीचं टेस्ट बटण शेवटचं कधी दाबलं, हा प्रश्न तिथे आधी विचारावा लागेल.

अशा ओल्या, खांब असलेल्या मुक्कामाचं दुसरं टोक म्हणजे ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट. हिवाळ्यात उत्तरेकडची थंडी टाळणारे हजारो लोक तिथल्या सरकारी वाळवंटी जमिनीवर ट्रेलर लावून राहतात. खांब नाही, केबल नाही. वीज हवी तर स्वतःचा जनरेटर. तिथे नवख्यांना एक कोडं पडतं. ट्रेलरला जोडलेलं सुरक्षा-यंत्र जनरेटर सुरू होताच ‘अर्थ तुटली’ असा इशारा देतं आणि वीज आत सोडत नाही. जनरेटर नवा, केबल नवी, कॅम्पग्राउंडवर काल सगळं चाललेलं. बिघाड कशातच नसतो. कॅम्पग्राउंडच्या मुख्य स्विचबोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकींना जोडलेल्या असतात. अर्थमधून गेलेला करंट तिथे न्यूट्रलला मिळून ट्रान्सफॉर्मरला पोचतो. लहान इन्व्हर्टर-जनरेटरमध्ये बहुधा हा सांधा नसतो. तिसरी पिन आहे, पण ती न्यूट्रलला कुठेच भेटत नाही. यंत्राला परतीची वाट दिसत नाही आणि ते अडून बसतं. उपाय म्हणजे जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटात बसवायचा एक प्लग, ज्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेल्या असतात. वाळवंटात घाम गाळत सळई ठोकणाऱ्याचं यंत्र मात्र तोच इशारा देत राहतं, कारण त्याने जमिनीशी नातं जोडलं, जनरेटरशी नाही.

इथवर १२० व्होल्टची गोष्ट झाली. ट्रेलरमध्ये विजेचं दुसरंही घराणं नांदतं, बॅटरीचं, १२ व्होल्टचं. आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, ब्रेक, टेललाइट सगळे त्यावर. या घराण्यात झटक्याची भीती नाही, पण दुखणी इथेच जास्त. कारण इथे सांगाडा हीच परतीची तार असते. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून वायर दिव्यापर्यंत जाते, आणि दिव्यापासून निगेटिव्हची चिमुकली वायर जवळच्या लोखंडाला स्क्रूने आवळून टाकली की काम झालं. पैसा वाचतो, वजन वाचतं. पण तो स्क्रू कारखान्यात रंगवलेल्या लोखंडावरच मारलेला असतो. त्याखाली तांब्याचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, वर जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद, आणि हे सगळं चाकाच्या अगदी मागे, जिथे रस्त्यावरचं पाणी फवाऱ्यासारखं उडतं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. दोन वेगळे धातू, मध्ये खारट पाणी. गंज चढायला आणखी काय लागतं?

मग लक्षणं सुरू होतात आणि ती वेड्यासारखी असतात. डावा सिग्नल दिला की दोन्ही टेललाइट लुकलुकतात. ब्रेक दाबला की बाजूचे दिवे मंद होतात. पंप लावला की छतावरचा दिवा पिवळा पडतो. पॉझिटिव्ह बाजूचा बिघाड एका दिव्यापुरता असतो; तो दिवा लागत नाही, विषय संपला. निगेटिव्ह बाजू गेली की करंट शेजाऱ्याच्या घरातून वाट काढतो, एका बल्बच्या तारेतून शिरून दुसऱ्याच्या अर्थिंगने परततो, आणि ज्याचा काही संबंध नाही तो दिवा बोलायला लागतो. मोटार आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थची. ती तुटली तर करंट चक्क जोडणीच्या लोखंडी गोळ्यातून, त्यावरच्या ग्रीसमधून, परत जायला बघतो. खड्डा आला की दिवे जातात, पुढचा खड्डा आला की येतात. एका मेकॅनिकने बल्ब बदलावेत, दुसऱ्याने फ्यूज, तिसऱ्याने आख्खा टेललाइट; दुखणं त्या पांढऱ्या वायरीच्या टोकाशी.

या ठिकाणी मल्टिमीटर माणसाला फसवतो, आणि तोही अगदी खरं बोलून. संशयित वायरीच्या दोन टोकांना मीटर लावला की तो बीप करतो, शून्य ओहम दाखवतो. जोडणी आहे. वायरीतल्या एकोणीसपैकी अठरा तारा गंजून तुटल्या असतील आणि एकच उरली असेल तरी मीटर तेच म्हणेल, कारण विचारताना तो मिलिॲम्पिअरचाही जेमतेम अंश तिच्यातून सोडतो. साकवावरून माणूस चालत गेला म्हणून त्यावरून ट्रक जाईल असं नाही. बारा ॲम्पिअर एकदम पाठवायची वेळ आली की ती एकुलती तार तापते, रोध वाढतो आणि पलीकडे काही पोचत नाही. म्हणून जाणते लोक वायर ‘जोडलेली आहे का’ हे तपासतच नाहीत. ते पंप, पंखा, सगळे दिवे चालू करतात, मीटर व्होल्टवर ठेवतात, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या निगेटिव्हला लावतात. दोन्ही एकाच सांगाड्यावर आहेत, म्हणजे शून्याच्या जवळ यायला हवं. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. तिथे दीड व्होल्ट दिसले तर ते दीड व्होल्ट कुठल्यातरी गंजक्या बोल्टावर सांडत आहेत. मग एक टोक पुढे सरकवत, लग, स्क्रू, सांगाडा, बॅटरीची केबल असं चालत जायचं; आकडा ज्या सांध्यावर एकदम पडतो तो गुन्हेगार.

ओहमने आपला नियम १८२७ मध्ये छापला, त्याला काय माहीत की तो एक दिवस ट्रेलरच्या ब्रेकवर लावला जाईल. पण त्याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. दोन आसांच्या ट्रेलरला चार चाकं आणि प्रत्येक चाकात एक विद्युतचुंबक, प्रत्येकी सुमारे तीन ॲम्पिअर ओढणारा. म्हणजे पूर्ण ब्रेकला बारा ॲम्पिअर. टेललाइट आता एलईडीचे, करंट ओढून ओढून किती ओढणार, ॲम्पिअरचा दहावा हिस्सा धरू. अर्थच्या सांध्यात अर्ध्या ओहमचा गंज बसला आहे. दिव्याच्या वाटचे ०.०५ व्होल्ट जातात. दिवा झक्क लागतो. ब्रेकच्या बारा ॲम्पिअरना त्याच सांध्यावर सहा व्होल्ट गमवावे लागतील, म्हणजे ते बारा ॲम्पिअर चुंबकांपर्यंत पोचणारच नाहीत. निघण्यापूर्वी मालक मागे जाऊन दिवे बघतो, समाधानाने मान हलवतो आणि निम्म्याशिम्म्या ब्रेकवर घाट उतरायला लागतो. जुने तारेचे बल्ब या बाबतीत बरे होते. ते स्वतःच दोन-दोन ॲम्पिअर ओढायचे, अर्थ खराब झाली की मंद व्हायचे, आणि कुणालातरी शंका यायची. एलईडीने बॅटरी वाचवली आणि ही आगाऊ सूचना घालवली. नव्या ट्रेलरांच्या जाहिरातीत अर्थातच पहिलंच सांगतात.

दुरुस्ती मात्र कंटाळवाण्या थराला जाईल इतकी साधी. स्क्रू काढायचा, रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करायचं, आरपार भोक पाडून नट-बोल्टाने आवळायचं, मध्ये दात्यांचा वॉशर, कलई केलेल्या तांब्याचा नवा लग नीट दाबून बसवलेला, आणि सगळं झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. रंग वरून, खालून नव्हे. तासाभराचं काम. दोन महिने शोधण्यात जातात ते वेगळे.

पुन्हा १२० व्होल्टकडे, कारण तिथे एक असा बिघाड आहे जो तपासणीच्या बहुतेक साधनांना चकवतो. त्यावर सर्वांत जास्त आवाज उठवला तो माइक सोकोल या ध्वनितंत्रज्ञाने. त्याची मूळ वहिवाट रंगमंचावरची, आणि तिथे हाच प्रश्न जुना आहे: हातात एका अर्थिंगची गिटार, ओठांशी दुसऱ्या अर्थिंगचा मायक्रोफोन. वेल्समधल्या स्वान्सी इथे १९७२ मध्ये ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे प्रेक्षकांदेखत मायक्रोफोनला हात लागून गेला. गिटारच्या जागी दाराची कडी आणि मायक्रोफोनच्या जागी ओलं गवत ठेवलं की ट्रेलरचा हिशेब तोच.

तो बिघाड असा. बरेच लोक कॅम्पग्राउंडचं भाडं वाचवून नातेवाइकांच्या दारात ट्रेलर लावतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात मावशीकडे चार दिवस राहायचं आणि झोपायला आपलं घर बाहेर उभं, अशी सोय मराठी कुटुंबांनाही मानवते. मावशीचं घर जुनं असेल तर गॅरेजमधल्या वायरिंगमध्ये मुळात अर्थच नसते, दोनच तारा. कधीकाळी कुणीतरी तीन भोकांचं सॉकेट बसवलं आणि तिसरं भोक रिकामं नको म्हणून आतल्या आत न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून दिला. एवढ्यावरच थांबलं असतं तर चुकीचं होतं, पण चालत राहिलं असतं. त्यात फेज आणि न्यूट्रल मागेपुढे झाल्या की अर्थच्या भोकात फेज येते. आता तीन दिव्यांचा तपासणी-प्लग लावा: दोन दिवे लागतात, ‘सगळं ठीक’. तो तारांमधला फरक बघतो, आणि फरक बरोबरच आहेत. तिन्ही एकत्र उलटल्या आहेत हे त्याला कळायला जागाच नाही. सुरक्षा-यंत्रही बहुतेक वेळा हेच सांगतं. ट्रेलर जोडला की सांगाडा पूर्ण १२० व्होल्टवर, आणि पाठीशी सॉकेटचा आख्खा ब्रेकर.

हे पकडतं ते एक स्वस्तातलं, पेनाएवढं साधन. न टेकवता वीज ओळखणारा टेस्टर. सॉकेटच्या अर्थच्या भोकाजवळ नेला की तो ओरडतो, आणि चुकून ट्रेलर जोडलाच असेल तर पत्र्यापासून दूर असतानाच ओरडतो. त्यासाठी तो बाहेर उभं राहून, हातात धरून, आधी वापरायचा असतो. आत जाऊन नव्हे. सारखा फिरणारा जाणकार आणि हौशी यांतला फरक इथे दिसतो. जाणकार नव्या खांबाशी आधी ब्रेकर पाडतो, सॉकेट जळलेलं-सैल आहे का ते बघतो, मग मीटर लावून तीन आकडे घेतो. फेज-न्यूट्रल १२० च्या आसपास. फेज-अर्थ तितकेच. न्यूट्रल-अर्थ शून्याच्या वर थोडेसे, आणि एसी लागल्यावर दोन-तीन व्होल्टपर्यंत. हा शेवटचा आकडा भार टाकूनही शून्यच राहिला तर त्याच्या भुवया वर जातात. न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जवळच, नको तिथे, जोडल्या गेल्या आहेत.

नको तिथे म्हणजे बहुधा ट्रेलरच्या आत. घराच्या मुख्य बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडायच्या असतात हे इमारतींचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. ट्रेलरचा बोर्ड तसाच दिसतो, म्हणून तो सवयीने दोघींना जोडणारा हिरवा स्क्रू आवळून टाकतो. पण ट्रेलर हा मुख्य बोर्ड नव्हे, कॅम्पग्राउंडच्या बोर्डाची एक फांदी आहे. सांधा मुळाशी एकदाच हवा; फांदीवर दुसरा केला की रोजचा परतीचा करंट न्यूट्रल आणि अर्थ अशा दोन्ही वाटांनी वाटून जातो, सांगाड्यातून, पायरीतून, मिळेल तिथून. ३० ॲम्पिअरच्या खांबावर हे खपून जातं, कारण तिथे बहुधा जीएफसीआय नसतं. मालक घरी येतो, पुढच्या सहलीआधी फ्रीज गार करायला ॲडॉप्टर लावून गॅरेजच्या २० ॲम्पिअरच्या, जीएफसीआय असलेल्या सॉकेटात प्लग घालतो, आणि टक्. ते पडतं. पुन्हा दाबतो, पुन्हा टक्. ‘कॅम्पग्राउंडवर सगळं चालत होतं, म्हणजे गॅरेजचं सॉकेट बिघडलंय.’ नवं सॉकेट येतं. टक्.

खरा शोध इथून सुरू होतो. ट्रेलरचे सगळे ब्रेकर पाडायचे आणि प्लग घालायचा. तरीही पडलं तर लोक चक्रावतात: आत काहीच चालू नाही, मग गळतंय काय? ब्रेकर फक्त फेज तोडतो. न्यूट्रल सगळ्या तशाच जोडलेल्या राहतात, आणि न्यूट्रल अर्थला टेकली असेल तर जीएफसीआय तेही ओळखतं. तेव्हा केबल पूर्ण काढायची, इन्व्हर्टर बंद, जनरेटर बंद. बोर्ड उघडायचा आणि मीटर न्यूट्रलच्या पट्टीला व अर्थच्या पट्टीला लावायचा. दोघींत काहीच नातं दिसायला नको. दिसलं, तर हिरवा स्क्रू आहे का बघायचं. नसेल तर पट्टीवरच्या पांढऱ्या वायरी एकेक सोडवायच्या. एसी, काही नाही. मायक्रोवेव्ह, काही नाही. बाहेरच्या सॉकेटांची, काही नाही. मग एक वायर सुटते आणि मीटरवरचा आकडा उडी मारून अनंतावर जातो. फार वेळा ती गिझरची असते.

तिथलं कारण जवळजवळ ठरलेलं. थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून ऑक्टोबरात गिझर रिकामा करतात आणि बायपासचे कॉक फिरवून पाणी त्याला वळसा घालून जाईल असं करतात. एप्रिलात पहिल्या सहलीला नळ सोडला की दोन्ही नळांना पाणी येतं, टाकी भरली असं वाटतं, आणि कुणीतरी विजेचं बटण दाबतं. रिकाम्या टाकीत साधारण १,४०० वॉटचा एलिमेंट थोड्याच वेळात लाल होऊन त्याचं कवच फाटतं. आतली तार न्यूट्रलच्या टोकाजवळ कवचाला टेकलेली राहते, म्हणून ब्रेकर पाडूनही सॉकेट पडत राहतं. एलिमेंट काढायला खोल, मोठ्या तोंडाचा पाना लागतो आणि तो शेजारच्या ट्रेलरवाल्याकडे असतोच असं नाही. नवा येईपर्यंत ती पांढरी वायर आणि तिच्या जोडीची काळी, दोन्हींना टोपी लावून बाजूला ठेवायचं आणि गिझर गॅसवर लावायचा. बायपासचे कॉक आधी फिरवून.